रिहॅब प्रोजेक्टचं प्रपोजल दहा दिवसांत द्यायचंय, सुरुवात कुठून करू?

फोंड्याची_फिजिओ
रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी फोंड्याला फिजिओ, सात वर्षं झाली, पहिली दोन हॉस्पिटलात आणि मग स्वतःचं छोटं क्लिनिक. गुडघे, फ्रोझन शोल्डर, लकवा झालेली म्हातारी माणसं, बाइकवरून पडलेली पोरं, हे सगळं हाताखालून गेलंय. प्रोजेक्ट बिजेक्ट कधी केलेला नाही.

तर झालंय असं की एका संस्थेनं सहा महिन्यांसाठी बोलावलंय. गेल्या पावसाळ्यात दरडी कोसळल्या अशा एका डोंगरी तालुक्यात (गोव्यात नाही, घाटापलीकडे, नाव मुद्दाम देत नाही) फिजिओथेरपीचं काम (रिहॅब, म्हणजे माणसांना परत हिंडतं-फिरतं करणं) उभं करायचं. काही कुटुंबं अजून शेडमध्ये राहतायत, काही परत गावात गेली. माणसं म्हणाल तर मी, दोन स्थानिक मदतनीस जे अजून शोधायचेत, ड्रायव्हरसकट एक जीप, आणि अकाउंट्स बघायला आठवड्यातून दोन दिवस येणारा एक मुलगा. प्रपोजल मीच लिहायचं, दहा दिवसांत. डोनरनं आधीच सांगून ठेवलंय की लाभार्थी २०० पाहिजेत आणि त्यांच्याकडून १५० व्हीलचेअर येणार, त्या पहिल्याच महिन्यात कार्यक्रम करून वाटायच्या. सोबत लॉगफ्रेम म्हणून एक एक्सेल आलंय, त्यात उद्दिष्ट, इंडिकेटर, पडताळणी, गृहीतकं असे रकाने आहेत आणि मी तीन रात्री त्याच्याकडे बघत बसलेय, एक ओळ भरलेली नाही.

हे घ्यावंसं का वाटतंय तेही सांगते. जुलै २०२१ मध्ये म्हादईला पूर आला तेव्हा आम्ही चारपाच जण सत्तरी तालुक्यात मदतीला गेलो होतो. एका घरात भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ आणि तिच्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक आजोबा, उजवी बाजू लकव्यानं गेलेली, वॉकर पुरात वाहून गेलेला. तांदूळ येत होते, चादरी येत होत्या, बादल्या तर घरात तीन झाल्या होत्या, पण आजोबांना खुर्चीतून उठून संडासपर्यंत जाता येत नव्हतं हे कुणाच्याच यादीत नव्हतं. मी दोन दांडे बांधून काहीतरी काठीसारखं करून दिलं, उभं राहायला शिकवलं आणि संध्याकाळच्या कदंबा बसनं घरी आले. परत गेलेच नाही, ते अजून टोचतं.

तर विचारायचं हे, की सुरुवात कुठून करायची, २०० आकडा खरंच होतो का, आणि त्या खुर्च्यांचं काय करू?

जुनी_हाडं
सोमवार, सकाळी ६:०५

अगो बाय, आधी ते एक्सेल बंद कर आणि शाळेची वही घे. मी मडगावचा, आता रिटायर. किल्लारीला गेलो होतो (३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला घरं अंगावर आली), मग २००१ ला भूज, मग २०१५ ला नेपाळ. तिन्हीकडं वेगवेगळ्या चुका केल्या म्हणून सांगायचा हक्क आहे.

पहिलं, तुझा २०० चा हिशेब. सहा महिने म्हणजे २४ आठवडे धरू. पहिले चार माणसं नेमण्यात, गावं फिरण्यात, सरपंचांच्या चहात जाणार. शेवटचे चार हातचं काम दुसऱ्याच्या हातात देण्यात. उरले १६. आठवड्याला तीन दिवस फील्ड धर, जास्त नको, बाकीचे दोन रिपोर्ट, रेफरल, मीटिंगा आणि पंक्चर झालेली जीप खातात. डोंगरात दिवसाला चार घरं झाली तरी खूप. म्हणजे आठवड्याला १२, सोळा आठवड्यांत १९२ भेटी. एका माणसाला निदान सहा भेटी तरी पाहिजेत ना, नाहीतर तू सत्तरीत केलंस तेच होणार. १९२ भागिले सहा, ३२ माणसं. तू एकटी केलंस तर एवढंच.

आता दोन मदतनीस चांगले तयार केलेस आणि सहापैकी चार भेटी त्यांनी केल्या, पहिली आणि शेवटची तुझी, तर तू ९६ लोकांपर्यंत पोचतेस आणि त्या दोघांना आठवड्याला प्रत्येकी १२ भेटी पडतात, जमण्यासारखं आहे. पण ९६ लिहू नको. पाऊस आहे, ताप आहे, कुणाचं लग्न आहे, बारसं आहे. ८० लिही. डोनरला हाच हिशेब वहीचं पान फाडून दाखव, माझा अनुभव असा की गणित दाखवलं की लोक ऐकतात, भाषण दिलं की नाही.

दुसरं, पेशंट कोण असणार त्याचा विचार कर. भूकंपात घरं पडतात आणि माणसं अर्धी दबून वाचतात, म्हणून मोडलेली हाडं, कापलेले पाय, मणक्याच्या जखमा, दबलेल्या नसा असं भरपूर येतं. दरडीत आणि पुरात तसं नसतं, सुटला तो बहुतेक धड सुटतो आणि अडकला तो जातो. मग तिथं फिजिओला काम नाही का, तर आहे, पण ते तुझ्या आजोबांचं. आधीपासून लकवा असलेला, पोलिओमुळं पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) असलेला, सेरेब्रल पाल्सीचं पोर, ज्याची काठी गेली, सांभाळणारी सून गेली, दवाखान्याचा रस्ता गेला. ही यादी कॅम्पात आपोआप येत नाही कारण ही माणसं कॅम्पापर्यंत चालत येऊच शकत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ८ आहे, त्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायचीच आहे. कलेक्टर ऑफिसला जाऊन ती माग. अर्धवट मिळेल, शिळी मिळेल, तरी माग, आणि मग आशाताईंना हाताशी धरून दारोदार फीर. विचारायला वॉशिंग्टन ग्रुपचे (अपंगत्व मोजायला वापरतात ते) सहा प्रश्न वापर, दिसणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःचं आवरणं, बोलणं-समजणं. 'घरात कुणी अपंग आहे का' असं विचारलंस तर म्हाताऱ्यांना कुणी मोजत नाही, 'वय झालं, चालायचंच' म्हणतात.

तिसरं आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्लॅन उलटा लिही. १८१ व्या दिवशी सकाळी तू फोंड्यात असशील. त्या दिवशी त्या तालुक्यात अमक्याचा वॉकरचा रबर झिजला, तमकीच्या पाठीला बेडसोर (पडून पडून होणारी जखम) सुरू झाला, तर ती कुणाकडं जाईल? त्या माणसाचं नाव पहिल्या महिन्यात तुझ्या वहीत पाहिजे. तालुक्याच्या हॉस्पिटलात फिजिओची पोस्ट आहे का, भरलेली आहे का, जवळचं मेडिकल कॉलेज किती तासांवर, जयपूर फूट (कृत्रिम पाय) लावायचा तर कुठं पाठवायचं. हे सापडलं नाही तर निम्मी कामं सुरूच करू नको, खरंच सांगतो.

हैतीत २०१० ला हेच झालं, परदेशी टीम्स आल्या, ऑपरेशनं केली, हातपाय कापले आणि निघून गेल्या, मागचं बघायला कोण? त्यातून शहाणपण येऊन डब्ल्यूएचओनं नियम केले, २०१६ च्या रिहॅबच्या नियमांत आहे की खास रिहॅबची टीम असेल तर किमान तीन रिहॅबची माणसं आणि किमान महिनाभर मुक्काम, आणि ऑपरेशन करणाऱ्या हॉस्पिटल टीमला २० खाटांमागे एक रिहॅबवाला. तुझा प्रोजेक्ट त्या साच्यातला नाही, पण डोनरला दाखवायला बरं.

भूजची एक गोष्ट सांगून थांबतो. गुडघ्याखाली पाय गेलेली एक बाई होती, पस्तिशीची. टाके छान भरलेले. घरच्यांनी मायेनं दोन महिने त्या गुडघ्याखाली उशी ठेवली, दुखू नये म्हणून. मी पोचलो तेव्हा गुडघा वाकलेलाच धरून बसला होता, सरळच होईना, मग जयपूर फूट लावणार कसा? ज्या दिवशी ऑपरेशन झालं त्या दिवशी कुणी पाच मिनिटं सांगितलं असतं की उशी काढा, पालथं झोपा, स्टंपला (उरलेल्या पायाला) बँडेज असं बांधा, तर ती बाई सहा महिने आधी चालली असती. तुझ्या मदतनिसांना असली पाच मिनिटांची बोलणी पाठ झाली पाहिजेत. मशिनं नेऊ नको. आयएफटी, अल्ट्रासाउंड सगळं फोंड्यात ठेव.

बाकी नेपाळबद्दल एवढंच, भूकंप २५ एप्रिलला, आमचा प्लॅन चार महिन्यांचा आणि त्यात पावसाळा धरलाच नव्हता. जूनमध्ये वाटा बंद. गोव्याचा माणूस पावसाळा विसरतो, सांगायचं कुणाला.

बोलून_मोकळा
सोमवार, दुपारी १:४०

सॉरी पण मला हे सगळं जरा अतीच वाटतं. १५० व्हीलचेअर फुकट मिळतायत तर वाटून मोकळ्या व्हा की, न मिळण्यापेक्षा मिळालेली बरी. गरिबाला काय इंच मोजून देणार? फोटो काढू दे त्यांना, पैसे त्यांचे आहेत.

तीन_चिरे
सोमवार, दुपारी २:१५

बोलून_मोकळा भाऊ, मी डिचोलीचा, बापाबरोबर पाडेली (नारळ पाडणारा) होतो, माडावरून पडलो, कमरेखालचं गेलं. नऊ वर्षं झाली. मला अशीच एका कार्यक्रमात खुर्ची मिळाली, हार घातला, फोटो काढला, जेवणाचं पाकीट दिलं. कुणाच्या कार्यक्रमात ते जाऊ दे.

तर ती खुर्ची. सीट १८ इंच, मी सुकलेला माणूस, माझं मोजमाप १५ च्या आसपास. मग एका बाजूला कलून बसायची सवय लागली. कुशन नाही, नुसतं रेक्झिन. मला तिथं काही कळत नाही ना खाली, तिसऱ्या आठवड्यात बायकोला वास आला तेव्हा बघितलं तर बैठकीच्या हाडावर रुपयाएवढा खड्डा. तो भरायला पालथं पडून सहा महिने गेले. अजून, माझ्या घराला पुढं तीन चिरे, म्हणजे चिऱ्याच्या तीन पायऱ्या, खुर्ची चढणार कशी ते कुणी विचारलं नाही. संडासचं दार २४ इंच आणि खुर्ची २६. आता ती खुर्ची पडवीत आहे, तिच्यावर सोललेले नारळ ठेवतो, त्यासाठी बरी आहे, फिरते.

न मिळण्यापेक्षा मिळालेली बरी, हे माझ्या बाबतीत खोटं ठरलं, एवढंच सांगतो.

फिजिओताई, तुम्हाला सांगायचं ते हे. डब्ल्यूएचओची व्हीलचेअरची गाइडलाइन आहे, २००८ ची, २०२३ ला नवीनही आली. जुनीत आठ पायऱ्या दिल्यात (आमच्या घरच्यापेक्षा पाच जास्त), नाव नोंदणी, तपासणी, कुठली खुर्ची ते ठरवणं, पैसे आणि ऑर्डर, खुर्ची तयार करणं, बसवून बघणं, वापरायला शिकवणं आणि मग दुरुस्ती-फॉलोअप. वाटपाच्या कार्यक्रमात यातली धड एक होते. तुम्ही डोनरला सांगा की खुर्च्या द्या, पण मापं घेतल्यावर, तीनचार साइझमध्ये, कुशनसकट. डोंगरात छोट्या पुढच्या चाकांची हॉस्पिटल खुर्ची रुतते, पुढं एक मोठं चाक असलेली लांब खुर्ची चालते, पण ती घरात वळत नाही, म्हणून घर बघितल्याशिवाय ठरवू नका.

आणि मागची चाकं सायकलच्या टायरची घ्या, जी ट्यूब बाजारात मिळते तीच. तालुक्यातला एक सायकलवाला पकडा, त्याला दोन दिवस शिकवा, स्पोक, ब्रेक, बेअरिंग, बस. मला डिचोलीत जो सायकलवाला मिळाला त्यानं माझ्यासाठी जेवढं केलंय तेवढं डॉक्टरनं नाही केलं, राग मानू नका.

अजून एक सरकारी गोष्ट. आडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची योजना) खुर्ची घेतली की मोठ्या माणसाला तीन वर्षं परत त्या योजनेतून मदत मिळत नाही, १२ वर्षांखालच्या पोराला एक वर्ष. म्हणजे जर तुमच्या खुर्च्या त्या योजनेतून येणार असतील तर चुकीची खुर्ची म्हणजे तीन वर्षं चूक. आणि बऱ्याच लोकांची सर्टिफिकेटं, यूडीआयडी कार्डं (दिव्यांगांची ओळखपत्रं) चिखलात गेली असणार, ती परत काढून द्यायला तुमच्या माणसांचा वेळ धरा, त्याशिवाय बाकी काही मिळत नाही.

शेवटचं, मदतनीस निवडताना आमच्यातलाच एक घ्या. काबूलच्या रेडक्रॉसच्या ऑर्थोपेडिक सेंटरमध्ये जवळजवळ सगळा स्टाफ स्वतः अपंग आहे, तिथं १९९० ला गेलेले आल्बेर्तो काइरो म्हणून इटालियन फिजिओ हेच करत आले. पाय नसलेल्याला पाय बसवलेला माणूस चालून दाखवतो तेव्हा जे होतं ते तुमच्या हँडआउटनं होत नाही.

बोलून_मोकळा
सोमवार, दुपारी २:५०

मान्य. माहीत नव्हतं. मी काढून टाकत नाही वरचं, राहू दे.

हिशेबी_म्हापसेकर
सोमवार, रात्री ९:३०

मी फिजिओ नाही, तीनचार संस्थांची अकाउंट्स बघतो, म्हणून फक्त पैशांचं बोलतो, वैद्यकीय चुकलं तर माफ करा.

ताई, डोनर परदेशी असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू. २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत पाहिजे, आधी ५० होता. घाबरू नका, तुमचा फिजिओ म्हणून पगार त्यात धरायचा नसतो, हॉस्पिटलच्या डॉक्टरचा धरत नाहीत तसाच, पण तुमचं पद 'मॅनेजर' एवढंच लिहिलंत तर ऑडिटर सगळा पगार उचलून प्रशासनात टाकेल. कामाची वाटणी कागदावर आणा, इतके दिवस पेशंट, इतके दिवस ऑफिस. दुसरं, त्या पैशातून तिथल्या दुसऱ्या संस्थेला किंवा मंडळाला रक्कम द्यायची नाही, एफसीआरए असलेल्यालाही नाही, ते २०२० पासून बंदच. सायकलवाल्याला दुरुस्तीचं बिल घेऊन पैसे द्या, ते चालतं. 'त्यांनाच देऊन टाकू, ते बघतील' हे चालत नाही.

बजेटात लोक काय विसरतात ते सांगतो. पेशंटचं गाडीभाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज. हा खर्चाचा हेड नसला की पेशंट दोनदा येतो आणि मग येत नाही, मग तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिता 'रुग्णाने सहकार्य केले नाही'. कुशन आणि कुशनची जादा कव्हरं. दुरुस्तीचे सुटे भाग, आणि ते प्रोजेक्ट संपल्यावरही वर्षभर पुरतील एवढे आत्ताच घेऊन ठेवायची परवानगी लेखी घ्या. रॅम्प, दार रुंद करणं, संडासात दांडा, म्हणजे थोडं गवंडीकाम, हे 'फिजिओथेरपी'त बसत नाही म्हणून शेवटच्या महिन्यात डोनर अडवतो, तर पहिल्यापासून 'घरातील बदल' असा वेगळा हेड टाका. डिझेल तुमच्या अंदाजाच्या दीडपट, लॉगबुक रोजच्या रोज, महिनाअखेरीला बसून एका पेनानं लिहिलेलं लॉगबुक लांबूनच ओळखू येतं, मी ओळखतो.

बांबूचे_बार
मंगळवार, पहाटे १२:१०

मी पेडण्याची, बांगलादेशातल्या कॉक्स बझारच्या रोहिंग्या कॅम्पात आठ महिने होते. ऑगस्ट २०१७ मध्ये लोंढे आले त्यानंतर बऱ्याच उशिरा गेले मी. वरती सगळ्यांनी छान सांगितलंय, मी माझ्या चुका सांगते.

तिथं टेकड्या, वाळूच्या पोत्यांच्या पायऱ्या, बांबूचे साकव, झोपड्या बांबू आणि ताडपत्रीच्या. आम्ही सेंटर खाली रस्त्याला काढलं कारण गाडी तिथपर्यंत यायची. आमच्या सोयीचं, त्यांच्या नाही. वरच्या टेकडीवरचा माणूस खाली यायचा म्हणजे दोन भावांनी पाठीवर आणायचा, त्या दिवशी त्या दोघांचं रेशन कोण आणणार? दोन महिन्यांनी कळलं, मग आम्ही वर जायला लागलो. बांबू रोवून चालायचे बार केले, दोन्ही बाजूला आडवे, कंबर नव्हे तर मनगटाच्या उंचीला, हात खाली सोडून माप घ्यायचं. फॅक्टरीचे पॅरलल बार आले ते गोदामातच राहिले. बांबू सडतो, बदलायचा, तो तिथल्या कुणालाही येतो बदलायला.

बायका. पुरुष फिजिओ असेल तर येतच नाहीत आणि घरच्यांच्या परवानगीशिवाय तर नाहीच. तुम्ही बाई आहात हे चांगलं, पण मदतनीसांतली एक तरी बाई घ्या, नाहीतर तुम्ही रजेवर गेलात की बायकांचं काम बंद. आणि फोटोचं, संमती घ्यायची ती खरी घ्यायची, म्हणजे 'नाही' म्हटलं तरी खुर्ची मिळणार हे आधी सांगून. तक्रार करायची झाली तर तुमच्याकडं नको, तिसऱ्या कुणाचा तरी नंबर भिंतीवर लावा, कारण तक्रार तुमच्याच माणसाबद्दल असू शकते.

पाणी आणि संडासवाल्या लोकांबरोबर पहिल्या आठवड्यात चहा घ्या. स्फिअरच्या हँडबुकात (आपत्तीतल्या मदतीचे किमान निकष देणारं पुस्तक) माणशी दिवसाला कमीत कमी १५ लिटर पाणी धरलंय आणि २० माणसांमागे एक संडास. कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या, अंथरूण रोज धुवावं लागणाऱ्या माणसाला ते १५ लिटर कसं पुरणार, आणि संडास २०० पावलांवर आणि उकिडवं बसायचा असेल तर तुम्ही शिकवलेलं चालणं तिथं जाऊन थांबतं. आमच्याकडं एका आजींनी पाणी प्यायचंच कमी केलं होतं, जायला नको म्हणून. मग लघवीचं इन्फेक्शन, ताप, आणि आम्ही एक्सरसाइज का होत नाही म्हणून चार्ट बघतोय.

बांगलादेशात साभारला सीआरपी म्हणून पक्षाघात झालेल्यांचं मोठं केंद्र आहे, व्हॅलरी टेलर या ब्रिटिश फिजिओनं १९७९ ला सुरू केलेलं. आमच्याबरोबरचे बरेच थेरपिस्ट तिथले शिकलेले. मला वाटायचं मी शिकवायला आलेय, पहिल्या आठवड्यात गप्प बसायला शिकले.

फोंड्याची_फिजिओ
पुढच्या शनिवारी, रात्री १०:४५

सगळ्यांना देव बरें करूं. आठवडा कसा गेला विचारू नका, पण वही भरली.

डोनरशी कॉल झाला. २०० वर अडून बसले होते, मी जुनी_हाडं काकांचं गणित स्क्रीनवर धरलं, अगदी वहीचं पान. पलीकडं जरा वेळ शांतता. मग म्हणाले ८० थेट, आणि घरच्यांना शिकवलेले वेगळे मोजा. चालेल म्हटलं. खुर्च्यांचं अवघड गेलं, त्यांचा ऑर्डरचा करार झालेला आहे. शेवटी असं ठरलं की पहिल्या लॉटला ४०, तेही मी मापं पाठवल्यावर, तीन साइझ आणि कुशन, बाकीच्या मागाहून गरज दिसली तर. कार्यक्रम मात्र त्यांना पाहिजेच आहे. मी म्हटलं पाचव्या महिन्यात करू, तेव्हा लोक खुर्चीत बसून स्वतः येतील, तो फोटो जास्त चांगला येईल. हे त्यांना पटलं! का पटलं ते मला अजून कळलेलं नाही. तीन_चिरे दादा, हे तुमच्यामुळं.

१८१ व्या दिवसाचं काम अर्धं झालंय. तालुका हॉस्पिटलात फिजिओची पोस्ट आहे, माणूसही आहे, नवीन मुलगा, एकटा, टेबल आहे पण बसायला जागा नाही. त्याला फोन केला तर आधी बिचकला, त्याला वाटलं मी त्याची जागा घ्यायला येतेय. आता ठरलंय की आठवड्यातला एक दिवस तो माझ्याबरोबर फील्डला, त्यासाठी त्याच्या अधीक्षकांचं पत्र लागेल.

आता अडलंय ते इंडिकेटरला. 'लाभार्थ्यांच्या कार्यक्षमतेत सुधारणा' असं लिहून ठेवलंय आणि मलाच हसू येतंय. काय मोजू?

जुनी_हाडं
रविवार, सकाळी ५:५०

शाबास गो. त्या पोराला धरून ठेव, तोच तुझा प्रोजेक्ट.

इंडिकेटर तीनच ठेव. एक, टाइम्ड अप अँड गो, खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायचं, सेकंद मोजायचे. ज्याला चालता येतं त्याच्यासाठी, खर्च शून्य, दोरी आणि मोबाइल पुरे. पण खुर्ची तीच, पादत्राण तेच, नाहीतर पहिल्यांदा खाटेवरून आणि सहाव्यांदा खुर्चीवरून मोजून सुधारणा दाखवणारे मी बघितलेत. दोन, मणक्याचे आणि अंथरुणावरचे जितके आहेत त्यांच्या पाठीची, बैठकीची, टाचांची कातडी दर भेटीत बघून नवीन बेडसोर आहे की नाही, हो किंवा नाही. तीन, गेल्या सात दिवसांत उंबऱ्याबाहेर किती दिवस गेलास? एवढाच प्रश्न, उत्तर शून्य ते सात. हा माझ्या मते सगळ्यात खरा, माणूस फिजिओला खूश करायला गुडघा वाकवून दाखवेल पण बायकोसमोर 'रोज बाहेर जातो' म्हणून खोटं सांगणार नाही. तिन्ही पहिल्याच भेटीत लिहून घे. बेसलाइन नंतर आठवून लिहिता येत नाही.

सुधारणा न झालेलेही लिही. पार्किन्सनचा (हा आजार वाढतच जातो) माणूस सहा महिन्यांत होता तिथंच राहिला तर तो जिंकलाय, हे एका ओळीत डोनरला समजावून ठेव.

आणि पोरांना कॅलिपर किंवा कृत्रिम पाय दिलास तर ते वाढतात, दर सहाएक महिन्यांनी बदलावं लागतं, मोठ्या माणसाचा तीन ते पाच वर्षं टिकतो. म्हणजे पोराचा दुसरा पाय तू गेल्यानंतर लागणार. तो कोण देणार ते आत्ताच लिही, नाहीतर पहिला देऊ नको.

हिशेबी_म्हापसेकर
रविवार, सकाळी १०:२०

अधीक्षकांच्या पत्रात त्या मुलाचा फील्डचा दिवस ड्युटी म्हणून धरलाय असं लिहून घ्या, आणि जेवणाचा भत्ता तुमच्या बजेटातून. नाहीतर तिसऱ्या आठवड्यापासून तो 'आज ओपीडी आहे' म्हणेल आणि त्याचं बरोबरच असेल.

तीन_चिरे
रविवार, दुपारी १२:००

सायकलवाला मिळाला का?

फोंड्याची_फिजिओ
रविवार, दुपारी १२:३५

मिळाला. बसस्टँडजवळ आहे, ड्रायव्हरनं शोधला. आता सायकली कमी आणि मोटरसायकलच जास्त येतात म्हणाला, पण स्पोक आवळायची कला अजून हातात आहे. फोनवर मला म्हणाला, मॅडम खुर्चीचा फोटो नको, चाक पाठवा. तर डोनरकडून एक चाक कुरिअरनं मागवलंय.

तीन_चिरे
रविवार, दुपारी १२:४०

दोन मागवा. पुढचं छोटंही. तेच आधी जातं.